कुंकळ्ळीचीं दोन स्मारकें

गोव्याच्या साष्टी महालांतील कुंकळ्ळी येथें इ. स. १५८३ च्या जुलै महिन्यांत जें घडलें, त्याचीं स्मारकें तेथें दोन आहेत.

पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं, जाळलीं. करावरूनहि गांवकऱ्यांशीं तंटा चालूच होता. अशा वेळीं चर्चसाठीं जागा पाहावयास आलेल्या पांच जेझुइट धर्मोपदेशकांवर गांव तुटून पडला. त्यांचे प्रमुख रुडॉल्फो आक्वाव्हीवा अकबराच्या दरबारीं सुमारें तीन वर्षें धर्मचर्चा करून नुकतेच परतले होते. सारे निःशस्त्र होते. प्रेतें विहिरींत टाकण्यांत आलीं. त्यांच्यासमवेत एतद्देशीय ख्रिस्तीहि मारले गेले. परंतु १८९३ सालीं रोमनें धन्य ठरविलें तें त्या पांचांनाच. सोबत्यांची आठवण आजहि क्वचितच निघते, हें खटकल्यावांचून राहत नाहीं.

सरकारनें सूड घेतला तो बोलणीं करण्याच्या मिषानें. सोळा नाईकांना असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून कापून काढण्यांत आलें. एकटा साळ नदींत उडी टाकून निसटला. गांवाचा राग रास्त होता, म्हणून निःशस्त्रांची हत्या रास्त ठरत नाहीं. आणि त्या हत्येनें किल्ल्यांतील विश्वासघातहि धुऊन निघत नाहीं.

धर्मोपदेशकांच्या स्मरणार्थ तेथें प्रार्थनामंदिर केव्हांच उभें राहिलें. नाईकांचें स्मारक मात्र २००३ सालीं झालें, म्हणजे चारशें वीस वर्षांनीं! तोंवर त्यांची स्मृति दगडावांचूनच टिकली. ग्रामदेवता शांतादुर्गा त्या धामधुमींत फातर्प्यास नेण्यांत आली होती. दरवर्षीं शिगम्याच्या दिवसांत बारा वांगडांच्या बारा छत्र्यांसह ती वाजतगाजत कुंकळ्ळीस येते आणि पुन्हां फातर्प्यास परतते.