४३ क्रमांकाचा रकाना

छताला टांगलेला वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट प्रथम चालू होतो, तेव्हा त्याला स्वतःचा आयपी पत्ता ठाऊक नसतो आणि ज्या कंट्रोलरच्या हुकमतीत राहायचे, त्याचाही ठावठिकाणा नसतो. तो जाळ्यात हाक मारतो. परंतु कंट्रोलर राउटरच्या पलीकडे असेल, तर ती हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा पत्ता देणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरनेच कंट्रोलरचाही ठिकाणा सांगावा, ही युक्ती रूढ झाली. त्यासाठी वापरला गेलेला रकाना मात्र वाय-फायच्या प्रमाणकाहून जुना आहे.

१९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी बूटपी हा नियमसंच मांडला. डिस्क नसलेल्या संगणकांना जाळ्यातून पत्ता व सुरुवातीची फाइल मिळावी, हा त्याचा हेतू. त्याच्या संदेशात अखेरचे ६४ बाइट उत्पादकांसाठी मोकळे ठेवले होते. मोकळ्या जागेत जो तो आपल्या मर्जीने लिहू लागला, तर वाचणाऱ्याने काय करावे? १९८८ मध्ये त्यावर तोडगा निघाला: आरंभी ९९.१३०.८३.९९ ही चार बाइटांची खूण, पुढे क्रमांक, लांबी आणि मजकूर. डीएचसीपीचे पर्याय आजही याच घडणीचे आहेत.

ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपी आला. पर्यायांच्या यादीत क्रमांक ६० उपकरणाची जात सांगण्यासाठी होता, तर क्रमांक ४३ उत्पादकाच्या खास माहितीसाठी. या रकान्यात एकाहून अधिक गोष्टी भरायच्या असतील, तर उपक्रमांक आणि लांबी देऊन मांडणी ‘करावी’, एवढेच आरएफसी १५३३ सांगतो. ‘केलीच पाहिजे’ असे तो म्हणत नाही. पुढचा सारा गोंधळ या एका क्रियापदाच्या सैलपणातून निघाला, असे म्हणण्यास जागा आहे.

८०२.११ हे प्रमाणक १९९७ चे. आरंभी प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट स्वतंत्रपणे जुळवावा लागे. संख्या वाढली, तशी सर्वांचा कारभार एका कंट्रोलरकडे देण्याची पद्धत आली. एअरस्पेस या कंपनीने त्यासाठी एलवॅप हा नियमसंच पुढे आणला. २००५ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. कंट्रोलरचा पत्ता कळवण्यास ४३ क्रमांकाचा रकाना आयताच हाताशी होता.

मात्र बारा कोसांवर भाषा बदलावी, तशी रकान्यातली भाषा कंपनीगणिक बदलली. सिस्कोने उपक्रमांक २४१, म्हणजे षोडशमान पद्धतीत एफ१, घेतला. त्यापुढे लांबी आणि मग पत्ता: १९२.१६८.१०.५ हा एकच कंट्रोलर असेल, तर एफ१-०४-सी०-ए८-०ए-०५. एअरस्पेसच्या जुन्या उपकरणांना मात्र उपक्रमांक १०२ आणि साध्या अक्षरांतला पत्ता लागे. अरुबाने उपक्रमांकच टाळला व पत्ता सरळ अक्षरांत लिहिला. युबिक्विटीने उपक्रमांक १ निवडला.

एकाच जाळ्यात दोन कंपन्यांची उपकरणे आली, की सर्व्हरला ६० क्रमांकाचा मजकूर वाचून प्रत्येकाला निराळे उत्तर द्यावे लागते. तसे न केल्यास उपकरणाला आयपी पत्ता मिळतो, केबलचा दिवा लागतो, सर्व काही ठीक दिसते. कंट्रोलर मात्र सापडत नाही.

उपाय झाले नाहीत, असे नाही. २००४ मध्ये १२४ व १२५ हे पर्याय आले. त्यांत मजकुरासोबत कंपनीचा नोंदणीकृत क्रमांकही जातो. मार्च २००९ मध्ये कॅपवॅप या सामाईक नियमसंचाबरोबर १३८ वा पर्याय मिळाला. त्यात उपक्रमांक नाही, केवळ चार-चार बाइटांचे पत्ते. तोवर ४३ च्या निरनिराळ्या बोली हजारो उपकरणांत मुरल्या होत्या.

यासाठी केवळ उत्पादकांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. १९९३ च्या लेखकांनी रकाना सैल ठेवला, म्हणूनच त्यांच्या काळी अस्तित्वात नसलेले उपकरण त्यात सामावू शकले. त्या सैलपणाची किंमत आजही जाळे सांभाळणारेच मोजतात: दुसरा कंट्रोलर जोडताना पत्ता वाढवला, पण लांबी ०४ ची ०८ करायची राहिली, तर हाताने लिहिलेला तो सारा मजकूर बिघडतो.