प्लेगचे इस्पितळ आणि घरचा उंबरठा

वर्गात १८९७ च्या प्लेगचा विषय निघाला की विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न विचारतात. सर, गावात साथ आहे, माणसे पटापट मरताहेत, सरकारने इस्पितळ उघडले आहे, आणि तरी लोक रोग्याला माळ्यावर, कोठीत, अंथरुणांच्या ढिगाखाली लपवून ठेवतात. हे लोक इतके अडाणी होते का? प्रश्न स्वाभाविक आहे. पुष्कळ दिवस मीही त्याचे उत्तर 'हो, अज्ञान होते' असे देत असे. पण त्या काळची हकीकत जसजशी वाचत गेलो, तसतसे हे उत्तर मला अपुरे वाटू लागले. लोकसेवेची एखादी संस्था उभी राहते तेव्हा तिच्या दारात येणारा माणूस एकटा येत नाही. त्याच्या पाठोपाठ त्याचे घर, त्याची जात, त्याचा देव, त्याच्या बायकामाणसांची अब्रू आणि त्याची उद्याची भाकरी अशी सगळी मंडळी येतात. त्या मंडळींना दाराबाहेर थांबा म्हटले की तोही थांबतो. प्लेगच्या इस्पितळांची गोष्ट ही या एका वाक्याची गोष्ट आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी पहिल्यांदा हा रोग ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. घरे दाटीवाटीची, गटारे तुंबलेली, आणि उंदीर तर विचारूच नका. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला. रोगी सापडला की त्याला वेगळे काढायचे, आणि जरूर तर जबरदस्तीने इस्पितळात न्यायचे, असा त्याचा मथितार्थ. इस्पितळ म्हणजे आर्थर रोडचे, जे पुढे कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले.

हुकूम कागदावर सरळ होता, पण चाळीतल्या बिऱ्हाडाला तो कसा दिसला असेल, हे पाहा. घरातल्या कर्त्या माणसाला ताप भरला. गाडी आली. परक्या माणसांनी त्याला उचलले. त्याच्या तोंडात पाणी कोण घालणार, कोणाच्या हातचे घालणार, याचा पत्ता नाही. तो गेला तर शेवटी जवळ कोण असेल, त्याला नीट अग्नी किंवा माती मिळेल की नाही, याचीही खात्री नाही. मागे उरलेल्यांना घराबाहेर काढून तळावर ठेवायचे, म्हणजे त्या दिवसांचा रोज बुडाला. घरात औषध शिंपडायचे, चिंध्या-गोधड्या जाळायच्या. ज्याच्याकडे चार गोधड्याच आहेत त्याला जाळलेल्या गोधडीची किंमत काय असते, हे हुकूम लिहिणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्यात इस्पितळात गेलेले बहुतेक लोक परत येत नसत, हेही खोटे नव्हते. पण त्याचे एक कारण असे, की लोक रोग्याला शेवटच्या घटकेपर्यंत लपवत आणि तो तिथे पोचे तेव्हा हातचा गेलेला असे. तो मेला की शेजारीपाजारी म्हणत, बघा, नेला आणि मारला. मग पुढचा रोगी आणखी उशिरापर्यंत लपवला जाई. असे हे रहाटगाडगे सुरू झाले.

या भीतीला अफवांचे खतपाणी मिळाले. त्याच ऑक्टोबरात मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले होते. राणीसाहेब रागावल्या आहेत आणि त्यांना शांत करण्यासाठी इस्पितळात माणसांची काळजे काढतात, अशी आवई उठली. माणसाला उलटे टांगून त्याची 'मोमियाई' काढतात, ही जुनी दंतकथाही पुन्हा जिवंत झाली. आपण हसतो. पण अफवा म्हणजे अविश्वासाचे बोलणे असते. जे सरकार एरवी फक्त सारा वसूल करायला दारी येते, ते एकाएकी आपल्या जिवाची काळजी का करू लागले, हा लोकांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांना कोणी समजुतीने दिले नाही.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यानंतर कमिशनरांनी हुकूम सैल केला. त्यामागे एक व्यावहारिक धास्तीही होती. भिऊन सफाई कामगारच शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही. म्हणजे समाजातल्या अगदी खालच्या मानलेल्या माणसांच्या मनात काय आहे, यावर साऱ्या शहराचे आरोग्य उभे होते. हे साथीने कबूल करायला लावले.

पुण्यात याहून कडक प्रकार झाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, त्याच महिन्यात रँडसाहेब पुण्यात आले आणि मार्चपासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊ लागल्या. बूट घालून स्वयंपाकघरात शिरणे, देवघराला हात लावणे, सामान रस्त्यावर टाकणे, अशा तक्रारींनी त्या वेळची वर्तमानपत्रे भरली होती. सरकारचे म्हणणे होते की शिपायांना ताकीद दिलेली आहे, बरोबर गावातले गृहस्थही दिलेले आहेत. दोन्ही बाजूंचे कागद आहेत आणि इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही वाचले पाहिजेत. परंतु एक गोष्ट कोणाच्याही कागदाने पुसली जात नाही. या रोगाची गाठ येते ती काखेत किंवा जांघेत. तेव्हा तपासणी म्हणजे काय, याचा विचार करा. दंडाधिकाऱ्याच्या दृष्टीने ती वैद्यकीय पाहणी होती. ज्या घरातल्या सुना सासऱ्यासमोरही येत नसत, त्या घराच्या दृष्टीने तिला दुसरेच नाव होते. हिंदू काय आणि मुसलमान काय, या एका बाबतीत दोघांचे मन सारखेच दुखावले.

पंडिता रमाबाई तर रूढींच्या कैवारी नव्हेत. रूढींशी त्यांचा जन्मभर झगडा. पण मे १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकामुलींची काय आबाळ होते, याविषयी त्यांनीच मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात लिहिले. सरकारने ती तक्रार मानली नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चापेकर बंधूंची ती हकीकत आपल्या सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाही. पुढे ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्याच्या मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगा उसळला, गोळीबार झाला, माणसे मेली. पुण्यात जे घडले त्यावरून कोणी फारसे शिकले नव्हते, असेच म्हणायचे.

शिकायला दाखला नव्हता असेही नाही. त्याच मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडले होते. बायकांसाठी इस्पितळ आणि तपासणारी डॉक्टरही बाईच. पुरुष डॉक्टरापुढे जाण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या बायका तिथे जाऊ लागल्या होत्या. त्या बायकांचा वैद्यकाला विरोध नव्हता, विरोध होता तो ते ज्या रीतीने दारी येत होते तिला. दहा वर्षांपूर्वी शहराला समजलेली ही गोष्ट साथीच्या घाईत शहर विसरले.

मग मार्ग कसा निघाला? मार्च १८९७ मध्ये मुंबईत जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. तिने निरनिराळ्या जातीजमातींच्या पुढाऱ्यांना बोलावून आपापली इस्पितळे उघडण्यास उत्तेजन दिले. पारशांनी काढले, हिंदूंमधल्या निरनिराळ्या जातींनी काढले, मुसलमानांच्या जमातींनी काढले. तिथे नातलगाला उशाशी बसता येई, आपल्या रीतीने शिजवलेले अन्न मिळे, ओळखीची भाषा कानावर पडे. पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालवले. लोक या इस्पितळांत आले. औषध तेच होते, किंवा खरे सांगायचे तर त्या काळी या रोगावर नेमके औषध कोणाजवळच नव्हते. फरक होता तो उंबरठ्यावर होणाऱ्या स्वागताचा.

लसीचेही तसेच झाले. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. तरी लोक बिचकत. तेव्हा खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान, जे त्या वेळी वीस वर्षांच्या आसपासचे तरुण होते, यांनी चारचौघांदेखत लस टोचून घेतली. त्यांचे अनुयायी त्यांच्यामागून पुढे आले. लोकांना आकडेवारीने पटले नव्हते ते आपल्या माणसाच्या दंडाने पटवले.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण अर्धीच होईल. जातवार इस्पितळांनी विश्वास मिळवला, हे खरे. पण ज्या जातीजवळ शेटसावकार होते तिलाच आपले इस्पितळ उभारता आले. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, आणि ज्यांना 'आपल्यात' घ्यायला कोणीच तयार नव्हते, त्यांनी जायचे कुठे? त्यांच्यासाठी सरकारी इस्पितळ किंवा आपली झोपडी. लोकांच्या चालीरीतींचा मान राखता राखता त्या चालीरीतींतला अन्यायही पक्का होऊन बसतो, ही या उपायाची दुसरी बाजू आहे.

या ठिकाणी सावित्रीबाई फुले यांची आठवण होते. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला मोकळ्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई त्या वेळी पासष्टीच्या पुढे होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगतात. त्या सेवेतच त्यांना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तीनच दिवसांनी शहरात झडत्या सुरू झाल्या. एकीकडे सरकारी शिपाई, दुसरीकडे जातीचे इस्पितळ, आणि या दोहोंहून वेगळी अशी ही एक बाई. तिने रोग्याला जात विचारली नाही, आणि त्याच्यावर जबरदस्तीही केली नाही. ती स्वतः त्याच्या वस्तीत गेली. विश्वास संपादन करण्याचा हा तिसरा मार्ग सर्वांत अवघड, म्हणूनच त्यावर पावले कमी उमटलेली दिसतात.

आणखी एक गोष्ट सांगून संपवतो. उंदीर पडू लागले की खेड्यापाड्यांतले लोक घर सोडून शिवारात झोपड्या बांधून राहत. अधिकाऱ्यांना आरंभी तो पळपुटेपणा वाटला. पण १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले की हा रोग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, आणि पुढे दहाएक वर्षांत भारतातल्या प्लेग कमिशनच्या कामाने ते पक्के झाले. म्हणजे गाठीच्या प्लेगात रोग्याला फरफटत नेण्याने साथ थांबण्यासारखी नव्हती. उंदरांनी भरलेले घर सोडणे हेच शहाणपणाचे होते. पुढे सरकारनेही घरे रिकामी करण्याचा उपाय स्वीकारला आणि सक्तीची धार कमी केली. ज्यांना आपण अडाणी म्हणालो, त्यांच्याजवळही अनुभवाचे थोडे ज्ञान होते. त्यांना विचारले असते तर ते दोन वर्षे आधी कळले असते.

१८९७ चा तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या वेळी महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. त्या वर्षी धारावीत महापालिकेची पथके गल्लीबोळांत गेली तेव्हा त्यांच्याबरोबर त्या वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर होते. ओळखीचा डॉक्टर दारात उभा राहिला की माणूस ताप लपवत नाही. एकशेतेवीस वर्षांनी का होईना, एक धडा कोणी तरी लक्षात ठेवला होता.

म्हणून विद्यार्थी आता तो प्रश्न विचारतात, तेव्हा मी त्यांना उलट एक प्रश्न विचारतो. लोक इस्पितळात का आले नाहीत, हे तुम्ही विचारता. इस्पितळ लोकांच्या घरी कसे गेले होते, ते आधी पाहूया का?