अँटीव्हायरस आणि दुरुस्तीचं दुकान

घरच्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस टाकण्याची पद्धत इंटरनेटबरोबर आली, असं सर्रास मानलं जातं. सनावळी वेगळंच सांगते. लाहोरच्या अल्वी बंधूंचा ‘ब्रेन’ हा व्हायरस १९८६चा. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला. मधली नऊ वर्षं व्हायरस फिरले ते फ्लॉपीवरून, हातोहात. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी राहून गेली आणि मशीन सुरू केलं, की बूट सेक्टरमधला व्हायरस डॉसच्या आधी मेमरीत जाऊन बसे आणि पुढे घातलेल्या फ्लॉपीवर स्वतःची नक्कल करी. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीनं बुजवली, की तिच्यावर काही लिहिलं जात नसे. एवढी पट्टी तिला वाचवायला पुरे होई. ‘ब्रेन’च्या कोडमध्ये तर अल्वींच्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही होता.

आजार हातोहात पसरत होता, म्हणून इलाजही तिथेच तयार झाला, जिथे बिघडलेली मशीनं येत. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात सुरुवात केली ती कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले; त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभं राहिलं. माझ्या मते आपल्याकडच्या अँटीव्हायरसचा इतिहास हा आधी दुरुस्तीच्या धंद्याचा इतिहास आहे.

यावर आक्षेप असा, की भीती दाखवून माल खपवणं हाच या धंद्याचा पाया होता. त्यात तथ्य आहे: ६ मार्च १९९२ला ‘मायकेलअँजेलो’ हा व्हायरस लाखो मशीनं बंद पाडणार अशी हाकाटी झाली, प्रत्यक्षात नुकसान फार कमी झालं. पण २६ एप्रिल १९९९ला ‘चेर्नोबिल’ व्हायरसनं हार्ड डिस्कवरची माहिती पुसली, काही मशीनांची बायॉस चिपही निकामी केली. तिथे दुरुस्तीवाल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दुसरा आक्षेप आजचा: २०१२च्या विंडोज ८पासून संरक्षण आतच येतं, मग वेगळा खर्च कशाला? पुष्कळ घरांना खरंच गरज नाही. मात्र ओटीपी विचारणाऱ्या फोनला कुठलाच स्कॅनर अडवत नाही. पूर्वी शंका आली, की विचारायला ओळखीचा दुकानदार असे. प्रोग्रॅम फुकट मिळाला, तरी त्या जाणत्या माणसाची जागा भरून निघालेली नाही. ती भरायची जबाबदारी आता बँकांनी, शाळांनी आणि घरातल्या तरुणांनी घ्यायला हवी.