खुंटाची कहाणी

अक्रोड म्हटला की आम्हां मराठी माणसांना काश्मीर आठवते. परंतु आज ज्या अक्रोडाची हकीकत सांगावयाची आहे, तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतातला आहे. आणि हकीकतही फळाची नव्हे, तर ज्यावर ते फळझाड उभे राहते त्या खुंटाची आहे. कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने झाडांविषयी काय बोलावे, असे कोणी विचारील. आम्ही वनस्पतिशास्त्री नव्हे. आमची शाळा लवकर सुटली, आणि जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री सभा आटोपल्यावर. तथापि खाली राहून भार सोसणाऱ्याची नोंद इतिहास कितपत ठेवतो, हा प्रश्न आमच्या नित्याच्या कामातला आहे. म्हणून हा विषय घेतला.

खुंट म्हणजे काय, हे नागपूरच्या किंवा नाशिकच्या बागाईतदाराला सांगावे लागत नाही. नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या रोपावर भरतात. आमच्या द्राक्षबागांतही पाणी कमी आणि क्षार जास्त झाले, तेव्हा डॉगरिज या अमेरिकन खुंटाचा आश्रय घ्यावा लागला. वरचे झाड फळासाठी निवडावयाचे आणि खालचे मातीशी झुंजण्यासाठी, असा हा संसार आहे.

आपण खातो तो पातळ कवचाचा अक्रोड मूळचा इराण व मध्य आशियाकडचा. कॅलिफोर्नियात तो प्रथम स्पॅनिश मिशनऱ्यांबरोबर आला. पुढे १८६७ साली जोसेफ सेक्स्टन याने सँटा बार्बराच्या परिसरात अक्रोडाची लागवड करून मऊ कवचाची जात पुढे आणली. १८७१ मध्ये फेलिक्स जिले या फ्रेंच गृहस्थाने नेवाडा सिटी येथे रोपवाटिका काढली आणि फ्रान्समधील उत्तम जाती आणविल्या. परंतु हे झाड मोठे नाजूक. खोल, भुसभुशीत, निचऱ्याची जमीन मिळाली तर ते फळते. जड चिकण माती किंवा क्षार वाट्याला आले की ते खंगते. जमिनीत पाणी साचले तर फायटोफ्थोरा नावाचा रोग मुळे आणि खोडाचा तळ कुजवितो. संत्र्यावरचा डिंक्या ज्याने पाहिला आहे, त्याला हा शत्रू परका वाटणार नाही.

तेव्हा लोकांची दृष्टी तिथल्याच एका रानझाडाकडे गेली. उत्तर कॅलिफोर्नियातला काळा अक्रोड हा जाड कवचाचा; त्याला बाजारात किंमत नाही. पण तो त्या मातीत मुरलेला होता. जुन्या ओकवृक्षांची जमीन मोडून बाग केली की जी बुरशी मुळांना लागे, तिलाही तो बऱ्यापैकी दाद देत नसे. त्याच्यावर परदेशी अक्रोडाची कलमे बांधू लागले. मात्र साचलेल्या पाण्याचा रोग त्यालाही सोडीत नसे.

येथे ल्यूथर बरबँक याचे नाव येते. हा १८४९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला. विद्यापीठाची पायरी तो चढला नाही. बटाट्याच्या आपल्या नव्या जातीचे हक्क त्याने १५० डॉलरना विकले आणि १८७५ साली सँटा रोझा गाव गाठले. परमहंस योगानंदांनी १९४६ सालचे आपले आत्मचरित्र ज्याला अर्पण केले, तो हाच. काळ्या अक्रोडाचा व पातळ कवचाच्या अक्रोडाचा संकर करून त्याने जे झाड मिळविले, त्याला ‘पॅराडॉक्स’, म्हणजे विरोधाभास, असे नाव दिले. ते झपाट्याने वाढे, पण फळे जवळजवळ देत नसे. बरबँकने त्याची शिफारस केली ती लाकडासाठी. त्याचा खरा उपयोग मुळांत आहे, हे बागाईतदारांना विसाव्या शतकात अनुभवाने उमगले. पॅराडॉक्सवर बांधलेले कलम जड आणि निकस जमिनीतही जोमाने वाढे, मुळे कुरतडणाऱ्या सूत्रकृमींपुढे अधिक टिके आणि पाण्याच्या रोगालाही काळ्या अक्रोडापेक्षा बरे तोंड देई.

परंतु ही रोपे मिळवावयाची कशी? काळ्या अक्रोडाच्या झाडावर शेजारच्या बागेतले पराग वाऱ्याने पडले तर काही बिया संकराच्या निघत. कोणती मादीवृक्षे अशा बिया जास्त देतात, हे रोपवाटिकेतली माणसे ध्यानात ठेवीत. रोपे उगवली की वाफ्यावाफ्यांतून फिरून, पानांचा आकार आणि दले पाहून संकराचे रोप वेगळे काढावयाचे. अर्धशतकाहून अधिक काळ पॅराडॉक्स बागांत पोहोचला तो या नजरेच्या जोरावर. ही नजर ज्यांची होती, त्यांची नावे ग्रंथांत सापडत नाहीत.

आणि तरीही काम पुरे झाले नव्हते. बियांपासूनची रोपे भावंडांसारखी. एक सशक्त तर दुसरे अशक्त. मुळाच्या मानेवर गाठी आणणारा रोग पॅराडॉक्सला लवकर धरतो. शिवाय १९२४ साली ओरेगॉनमध्ये एक विचित्र दुखणे आढळले. चांगले वाढलेले झाड वाळू लागे, आणि साल काढून पाहिले तर कलमाच्या जोडावर काळी रेघ दिसे. १९८० च्या सुमारास उलगडा झाला की हा परागांतून पसरणाऱ्या विषाणूचा खेळ आहे. वरचा भाग विषाणू सोसतो. खालचा काळा किंवा संकरित खुंट त्याचा स्पर्श होताच जोडावरच्या आपल्याच पेशी मारून टाकतो. खुंट आपला बचाव करतो आणि त्यातच सारे झाड मरते. ज्या भागांत हा विषाणू फार, तेथे बागाईतदारांना पुन्हा साध्या अक्रोडाच्या मुळांकडे वळावे लागले.

दुसरा उपाय होता जमीन विषारी वायूने धुपविण्याचा. परंतु त्यातील मिथिल ब्रोमाइड ओझोनचा थर नासवितो, म्हणून माँट्रियल करारान्वये पुढारलेल्या देशांत २००५ पासून, थोडे अपवाद वगळता, त्याचा वापर बंद करण्याचे ठरले. साहजिकच चांगल्या खुंटाची निकड वाढली. अक्रोडाच्या काडीला सहजी मुळे फुटत नाहीत. पण १९८४ साली ड्रायव्हर व कुनियुकी यांनी काचेच्या नळीत पॅराडॉक्सची वाढ करण्याची कृती प्रसिद्ध केली. जळगावच्या केळीमुळे आपणांस परिचित असलेले ऊतीसंवर्धन ते हेच. मग एकाच उत्तम रोपाच्या हजारो हुबेहूब प्रती काढता येऊ लागल्या. डेव्हिस येथील विद्यापीठाने सरकारी संशोधकांच्या साहाय्याने शेकडो रोपे पारखली. त्यांतून सूत्रकृमी सोसणारा जोमदार व्हीएक्स २११ निघाला, आणि टेक्सासमधील लहान फळाच्या काळ्या अक्रोडाशी संकर करून फायटोफ्थोराला तोंड देणारा आरएक्स १ निघाला. या दोन्हींवर विद्यापीठाची पेटंटे आहेत. वनस्पतींना पेटंट देणारा अमेरिकन कायदा १९३० चा. बरबँक १९२६ सालीच वारला होता.

सर्व दुखण्यांवर चालणारा एकच खुंट अद्यापि मिळालेला नाही. जशी जमीन, तसा खुंट निवडावा लागतो.

आता आमच्या कामाची एक गोष्ट सांगून पुरे करतो. याच खोऱ्यातील स्टॉक्टन शहरी अक्रोड फोडून निवडण्याचा एक मोठा कारखाना होता. १९८५ साली धंदा अडचणीत आला, तेव्हा कामगारांनी, ज्यांत बायकाच अधिक, मजुरीत मोठी कपात सोसून तो तगविला. पुढे धंदा सावरला. कपात मात्र भरून निघेना. १९९१ मध्ये त्यांनी संप केला, तर त्यांच्या जागी कायमची दुसरी माणसे घेण्यात आली. तो झगडा २००५ पर्यंत चालला. वाईट दिवसांत ज्यांनी भार सोसला, त्यांचा चांगल्या दिवसांत विसर पडला.

आम्हांस शास्त्रज्ञांचे श्रेय कमी करावयाचे नाही. विद्यापीठात न गेलेल्या बरबँकविषयी तर आम्हांस जवळीकच वाटते. एवढेच म्हणावयाचे की, वाफ्यात वाकून पाने पाहणारा माळी आणि पट्ट्यापाशी उभी राहून अक्रोड निवडणारी बाई यांच्यावाचून हा इतिहास अपुरा आहे. बागाईतदार खुंट मेला की नवे रोप आणतो, आणि त्याआधी जुना का मेला, याची चौकशी करतो. माणसांच्या बाबतीतही निदान तेवढी चौकशी व्हावी.