नेम कां चुकत असे ?

छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादेस जाणारा रस्ता घाट चढण्यापूर्वीं देवगिरीच्या पायथ्याशीं येतो. प्रवासी येथें हमखास थांबतो, आणि किल्ल्याच्या बुरुजावरील मेंढा तोफ पाहून एकच प्रश्न विचारतो : हिचा गोळा किती लांब जात असेल ? वाटाडे या प्रश्नाचें उत्तर मोठ्या उत्साहानें देतात, आणि ऐकणारा जितका भाविक तितकें तें अंतर वाढत जातें. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र दुसराच प्रश्न विचारावासा वाटतो. गोळा लांब जात असेल. पण तो ठरल्या जागीं पडत असे काय?

या तोफेच्या मागच्या टोकास मेंढ्याचें मस्तक घडविलेलें आहे, म्हणून लोक तिला मेंढा तोफ म्हणतात. तिचें खरें नांव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी. तिजवर औरंगजेब बादशहाचें नांव आहे, आणि ती करणाऱ्या महंमद हुसेन अरब या कारागिराचेंहि आहे. हा बादशहा १७०७ सालीं आजच्या अहिल्यानगराजवळ वारला, व घाटमाथ्यावरील खुलताबादेंत उघड्या आकाशाखालीं त्याला पुरण्यांत आलें. योगायोग असा कीं, त्याच सालीं इंग्लंडांत बाथ येथें बेंजामिन रॉबिन्स याचा जन्म झाला. नेम कां चुकतो, हा प्रश्न कारागिराच्या अंदाजांतून काढून गणिताच्या कक्षेंत आणणारा हाच तो पुरुष.

तोफ ही त्या काळीं संपूर्णपणें हातची वस्तु होती. कोणी कांशाचा रस ओतून ती करी, तर कोणी लोखंडाच्या पट्ट्यांवर तापलेलीं कडीं चढवून. त्यामुळें दोन तोफांचीं तोंडें सारखीं निघतील तर शपथ ! एकीचा गोळा दुसरीस चालत नसे. गोळे पुष्कळदां ठोकून गोल केलेले. त्यांचे खांचखळगे हातास लागत. शिवाय गोळा नळीच्या पोकळीहून थोडा लहान ठेवावाच लागे. नाहीं तर काजळी धरलेल्या नळींत तो वाटेंतच अडकावयाचा. या मोकळ्या जागेंतून दारूचा वायु निसटून जाई, आणि गोळा नळीच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बाहेर पडे. शेवटची आपट ज्या बाजूस बसे, तिच्या उलट दिशेस तो निघे. गोलंदाजानें नेम अचूक धरला असला, तरी गोळ्याची वाट अशी तोंडाशींच बदलत असे.

दुसरा दोष दारूचा. सोरा, गंधक व कोळसा यांचें मिश्रण नुसत्या भुकटीचें असेल, तर गाड्यावरील प्रवासांत जड सोरा खालीं बसे आणि हलका कोळसा वर राही. सोऱ्यांत मिठाचा अंश राहिला असेल, तर तो पावसाळी हवेंतलें पाणी ओढून घेई. मग सकाळचें व संध्याकाळचें माप तेंच असूनहि एक गोळा तटाच्या अलीकडे पडे, दुसरा पलीकडे. अशा वेळीं दोष कोणाचा ? तोफेचा, गोळ्याचा, दारूचा, कीं डोळ्याचा ? सगळेंच एकदम बदलत असतां याचें उत्तर सांपडणें अशक्य.

१७९०-९१ मधील धारवाडच्या वेढ्याचें एक वर्णन प्रसिद्ध आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेच्या मदतीस आलेल्या इंग्रज तुकडींतील अधिकारी एडवर्ड मूर लिहितो कीं, गोलंदाज तोफ भरून अर्धा तास बोलत व धूम्रपान करीत बसत. मग ती डागीत, आणि मोठी धूळ उडाली कीं त्यांचें समाधान होई. भर दुपारीं तर उभय पक्ष जेवणासाठीं तोफा जवळजवळ बंदच ठेवीत. परक्याच्या लेखणींतला उपहास आपण यांतून वजा करूं. तापलेली तोफ निवूं देणें शहाणपणाचेंच होतें. तरी एक गोष्ट उरते. गोळा कोठें लागला याची नोंद ठेवणारें कोणी त्या वर्णनांत दिसत नाहीं.

यावरून हातची वस्तु म्हणजे कुचकामी वस्तु, असा निष्कर्ष मात्र काढूं नये. तोड्याची बंदूक घ्या. तिच्या नळीस जुळणारा गोळीचा सांचा बहुधा मालकापाशींच असे. गोळी तो स्वतः ओती, दारूचें माप स्वतः ठरवी, आणि आपली बंदूक कोणत्या बाजूस ओढते हें त्याला पक्कें ठाऊक असे. १८४१-४२ सालीं काबूलच्या डोंगरांत अफगाणांनीं आपल्या लांब नळीच्या जेझाइल बंदुकांनीं इंग्रजी बंदुकांच्या टप्प्याबाहेरून माणसें टिपलीं. एका माणसाला एका बंदुकीची अशी ओळख पटते. पण ती ओळख त्याच्या बोटांत राहते. तो गेला कीं तीहि जाते, आणि शंभर तोफांच्या दलास ती वांटून देतां येत नाहीं.

रॉबिन्सनें हें ज्ञान बोटांतून काढून कागदावर आणलें. त्याचा ग्रंथ १७४२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें एक जड लंबक टांगला, त्यावर गोळी झाडली, आणि लंबक किती झुलला यावरून गोळीचा वेग काढला. अमुक दारूनें, अमुक लांबीच्या नळींत किती वेग येतो, हें आतां मोजतां येऊं लागलें. पुढें त्यानें एका बंदुकीच्या नळीचें तोंड मुद्दाम डावीकडे वांकविलें. गोळी प्रथम डावीकडे गेली खरी. पण नळीच्या उजव्या कडेस घासून तिला जी गिरकी मिळाली होती, तिच्या योगें ती हवेंत वळून उजवीकडे आली. बेवारस गिरकी नेम चुकविते, हें त्यावरून दिसलें. नळींत मळसूत्री आटे पाडून ती ताब्यांत आणली, तर तीच नेम साधून देईल, हेंहि त्यानें १७४७ सालीं विशद केलें. या गृहस्थाचा अंत १७५१ सालीं आपल्याच देशांत, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथें, कंपनीच्या नोकरींत झाला.

त्याच शतकांत युरोपांत तोफ भरीव ओतून मग यंत्रानें तिची नळी कोरूं लागले, आणि गोळा व नळी यांतील मोकळी जागा आखडली. नव्या तोफखान्याचें मोल महादजी शिंद्यांनीं ओळखलें. त्यांच्या पदरीं असलेल्या द बॉयनच्या कंपूंसाठीं सँगस्टर नांवाचा स्कॉटिश कारागीर आग्र्यास तोफा ओतीत असे. ११ सप्टेंबर १८०३ रोजीं दिल्लीच्या लढाईंत इंग्रजांनीं ज्या तोफा घेतल्या, त्यांना तोंड वरखालीं करण्याचे फ्रेंच धर्तीचे स्क्रू बसविलेले होते. बाराच दिवसांनीं, आजच्या जालना जिल्ह्यांतील असई गांवाशीं, दौलतराव शिंद्यांच्या तोफांनीं वेलस्लीचे गोलंदाज व तोफा ओढणारे बैल आरंभींच गारद केले. त्या दिवशीं त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. हातीं आलेल्या पितळी तोफांची त्यानें पत्रांत मुक्तकंठानें स्तुति केली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशींच कापले गेले, पण हटले नाहींत. नेम साधला होता. तरी लढाई गेली.

याचीं कारणें अनेक. त्यांतलें एक आपल्या विषयाशीं जुळतें. ही विद्या पगारी माणसांबरोबर आली होती. युद्ध पेटतांच इंग्रजांच्या जाहीरनाम्याच्या आमिषानें कित्येक युरोपीय अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून गेले, आणि विद्येचा बराच भाग त्यांच्याबरोबर गेला. तोफ विकत मिळते, कारागीर नोकरीस ठेवतां येतो. परंतु ‘नेम कां चुकला ?’ असें रोज स्वतःस विचारावयाचें, एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावयाची, आणि सांपडलेलें उत्तर पुढच्यासाठीं लिहून ठेवावयाचें, ही संवय उसनी आणतां येत नाहीं. ती ज्याची त्यानेंच लावून घ्यावी लागते.