फसलेल्या प्रयोगातून रुजलेला ढालकिडा

ढालकिडा म्हटला की लाल पाठीवरचे काळे ठिपके डोळ्यांसमोर येतात. ‘क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझायरी’ याला अपवाद आहे. सुमारे ४ मिलिमीटर लांबीच्या या किड्याची पाठ काळपट असते आणि तिच्यावर एकही ठिपका नसतो. डोके, छाती व पंखांचे टोक मात्र नारिंगी-तपकिरी असते.

त्याचे मूळ घर पूर्व ऑस्ट्रेलिया. १८८८-८९मध्ये ‘रोडोलिया कार्डिनालिस’ या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन ढालकिड्याने कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा वाचवल्या आणि परदेशातून मित्रकीटक आणण्याच्या कल्पनेला जगभर बळ मिळाले. याच काळात, १८९८मध्ये, एच. ओ. न्यूपोर्ट यांनी क्रिप्टोलिमस भारतात आणला. दक्षिणेतील कॉफीच्या मळ्यांना ग्रासणाऱ्या हिरव्या खवले किडीचा त्याने फडशा पाडावा, ही अपेक्षा होती.

ती पूर्ण झाली नाही. त्याचे खरे भक्ष्य होते पिठ्या ढेकूण. हेतू फसला, पण कीटक नाहीसा झाला नाही. उबदार हवा आणि आवडते अन्न मिळाल्याने तो दक्षिण भारतात स्थिरावला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगळुरूच्या संशोधकांनी त्याच्याकडे पुन्हा लक्ष वळवले. लाल भोपळ्यावर पिठ्या ढेकूण वाढवायचे आणि त्यांवर हे ढालकिडे पोसायचे, ही पद्धत रूढ झाली. आज कॉफी, पेरू, लिंबूवर्गीय फळे आणि महाराष्ट्रातील द्राक्षबागांतही त्याचा उपयोग होतो.

मात्र त्याची अळी पाहणाऱ्याला चकवते. मादी पिठ्या ढेकणाच्या अंडीपुंजातच अंडी घालते. त्यांतून निघणाऱ्या अळीच्या अंगावर मेणाचे पांढरे तंतू असतात, त्यामुळे ती हुबेहूब आपल्या भक्ष्यासारखी दिसते. गोड स्रावासाठी पिठ्या ढेकणांची राखण करणाऱ्या मुंग्यांपासून हे वेषांतर तिला बऱ्याच अंशी वाचवते. माणसाच्या बाबतीत मात्र तेच घातक ठरू शकते. अळीला कीड समजून फवारणी केली, तर शत्रूबरोबर मित्रही मरतो. म्हणून आधी निरखून पाहावे. पूर्ण वाढलेली अळी पिठ्या ढेकणापेक्षा बरीच मोठी, लांब तंतूंची आणि चपळ असते.

मित्रकीटक आणण्यापूर्वी तो नेमके काय खातो हे जाणून घ्यावे, हा १८९८च्या प्रयोगाचा धडा. आणलेला मित्र ओळखता यावा, हा आजचा.