नळीची लांबी

मागच्या आठवड्यात अमेरिकेहून नातवाचा फोन आला. तिकडे परवाना काढून हरणाची शिकार करता येते. त्याला लिव्हरची रायफल घ्यायची आहे, म्हणजे चापाखालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर आणि नवे आत, ती. "आजोबा, नळी वीस इंची घेऊ की चोवीस? तुमच्या घरी बंदूक होती ना?"

मी इतिहासाचा मास्तर, शिकारी नव्हे. पण बंदूक होती हे खरे. खोडदच्या घरात वडिलांची ठासणीची, रानडुकरांसाठी. लहानपणी ती माझ्यापेक्षा उंच होती. दारू, चिंधी, छर्रे असे क्रमाने तोंडातून घालून गजाने ठासायचे. माणूस उभा राहून जिथवर हात पोचवील, तेवढीच नळी लांब करता येते. आणि लांब हवी, कारण काळी दारू सावकाश जळते. तिच्या वायूला गोळी ढकलायला अंतर लागते.

यातली एक गंमत मी वर्गात नेहमी सांगायचो. इंग्रजांच्या पायदळाच्या बंदुकीची नळी बेचाळीस इंचांची होती. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी एकोणचाळीस इंची, स्वस्त आणि लवकर तयार होणारी बंदूक करवून घेतली. पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपले, तिकडे बंदुका कमी पडल्या आणि 1797 मध्ये खुद्द इंग्लंडच्या फौजेने कंपनीचाच नमुना उचलला. नावच 'इंडिया पॅटर्न'. व्यापाऱ्याने तीन इंच लोखंड वाचवले आणि ती बंदूक वॉटर्लूपर्यंत गेली!

घोडेस्वाराचे गणित वेगळे. खोगिरावर लांब नळी अडते, म्हणून आखूड कारबाईन. विंचेस्टरच्या 1873 च्या लिव्हर रायफलीची नळी चोवीस इंची, तिच्याच कारबाईनची वीस. पुढे बिनधुराची दारू आली, ती लवकर जळते, त्यामुळे आखूड नळीतही गोळीचा वेग फारसा घटत नाही. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. लांब नळीवर पुढची-मागची माशी दूर असते, त्यामुळे नेम धरायला सोपे. (आपल्याकडे लिव्हरची रायफल म्हटली की केनेथ अँडरसन आठवावा. त्याच्याकडे विंचेस्टरची 1895 ची होती.)

आमच्या शेतकऱ्याला मात्र ही निवड कधी मिळालीच नाही. 1878 मध्ये लिटनने हत्यारांचा कायदा करून परवाना सक्तीचा केला. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला. त्यात गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणाला किंवा शिकारीला हवी, तर नळी वीस इंचांहून कमी नको. पीक राखायला ठासणीची. परवानगीशिवाय नळी कापणे हाही गुन्हा. कारण उघड आहे, कापलेली बंदूक घोंगडीखाली लपते. कायदा मला पटतो. पण पहिला कायदा करणाऱ्याला आमच्या पिकाची नव्हे, आमचीच भीती होती, हे विसरता येत नाही.

वडील गेल्यावर परवाना कोणी नावावर करून घेतला नाही. बंदूक जमा केली. 1972 च्या कायद्याने शिकारही संपली होती. मग कुकडीचे पाणी आले, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. पारावर कोणीतरी म्हणतेच, "मास्तर, बंदूक ठेवायला हवी होती." त्यांना मी सांगतो, ठासणीचा एकच बार. तो चुकला तर दुसरा भरायला बिबट्या थांबतो का? आणि उसाच्या सरीत ती लांब नळी फिरवणार कशी? त्यांना हे पटत नाही. ज्याच्या घरचे माणूस किंवा वासरू गेले आहे, त्याच्यापुढे मलाही फार बोलवत नाही.

असो. नातवाला वीस इंची सांगितली; झाडीत हिंडायचे तर आखूडच बरी. फोन ठेवताना त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही रात्री शेतात जात नाही ना?"

नाही म्हणालो. वीज रात्रीची आली की मोटर चालू करायला जावे लागते, ते त्याला सांगितले नाही. बरोबर बॅटरी असते आणि मोबाईलवर मोठ्याने लावलेली भजने.